हात वर करण्याआधी : शिक्षकांना एक खुले पत्र

प्रिय शिक्षक बंधू-भगिनींनो,

जूनच्या मध्यावर शाळा भरेल. पहिल्या आठवड्यात नेहमीची धांदल असेल : हजेरीपट, पुस्तकांचं वाटप, गणवेशाची चौकशी, पोषण आहाराच्या तांदळाची नोंद आणि वरून मागितलेल्या ऑनलाइन माहित्या. त्या धांदलीत एका तासाला तुम्ही वर्गावर जाल आणि विचाराल, "यंदा मॉनिटर कोण?" मागच्या बाकावरून एक नाव येईल. तुम्ही म्हणाल, "चला, हात वर करा." हात वर होतील, दोन मिनिटांत काम उरकेल. मी बत्तीस वर्षं इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. त्यातली पहिली एकोणीस वर्षं मी मॉनिटर असाच निवडला. त्या दोन मिनिटांविषयी मला तुमच्याशी बोलायचं आहे.

विसाव्या वर्षी सातवीच्या वर्गात एका मुलाचं नाव आलं. वडील गावातलं मोठं प्रस्थ. पोरगा अंगानं थोराड, बोलण्यात चलाख, खेळात पुढं. सगळ्या वर्गाचे हात वर गेले. मी फळ्यावर नाव लिहिलं आणि धडा सुरू केला. मधल्या सुट्टीत एक मुलगी शिक्षक-खोलीच्या दाराशी घुटमळत उभी राहिली. आत बोलावलं तर म्हणाली, "बाई, मला तो नको होता."

"मग हात कशाला वर केलास?"

"सगळ्यांनी केला."

दुसऱ्या दिवशी मी वहीची कोरी पानं फाडून चिठ्ठ्या वाटल्या. तोच वर्ग, तोच मुलगा. त्याला निम्मी मतंही पडली नाहीत. मुलगा वाईट नव्हता, हे सांगायलाच हवं. त्यानं कुणाला दमदाटी केली नव्हती. वर्गातल्या पुष्कळ मुलांना वाटत होतं की बाकीच्या सगळ्यांना तो हवा आहे, नको असलेले आपण एकटेच. तेवढ्यावर तो एकमतानं निवडून आला होता.

त्यानंतर मी या गोष्टीबद्दल वाचायला लागले. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अॅश यांनी १९५० च्या सुमारास एक साधा प्रयोग केला होता. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्या कार्डावर लहानमोठ्या तीन. तिघींतली कुठली पहिलीएवढी आहे ते सांगायचं. लहान मूलही चुकणार नाही असा प्रश्न. पण खोलीत बसलेल्यांपैकी एक सोडून बाकी सगळे अॅश यांनी आधीच पढवून ठेवलेले. ते ठरवून, एकापाठोपाठ एक, ठामपणे चुकीचं उत्तर द्यायचे. मग त्या एकाची पाळी यायची. अशा वेळी दिलेल्या उत्तरांपैकी सुमारे एक तृतीयांश उत्तरं चुकीची निघाली. प्रयोगात बसलेल्या दर चौघांपैकी तिघांनी निदान एकदा तरी डोळ्यांना दिसत असलेलं सोडून इतरांची री ओढली.

या प्रयोगाचा एवढा भाग बऱ्याच जणांना माहीत असतो. पुढचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. अॅश यांनी पढवलेल्यांपैकी एकालाच खरं उत्तर द्यायला सांगितलं तेव्हा री ओढण्याचं प्रमाण घसरून चौथ्या हिश्शावर आलं. बहुमत तेच होतं, दडपणही तेच. फक्त शेजारी एक माणूस होता, ज्याला तेच दिसत होतं. आणि उत्तर मोठ्यानं न सांगता कागदावर लिहून द्यायला सांगितलं, तेव्हाही चुका पुष्कळ कमी झाल्या.

हे वाचताना मला माझे वडील आठवले.

वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत प्राथमिक शिक्षक होते. गावात त्यांना सगळे गुरुजी म्हणत. आमचं गाव कराडपासून एसटीनं तासाभराच्या अंतरावर. १९७५ च्या डिसेंबरात कराडला मराठी साहित्य संमेलन भरलं आणि वडील दोन भाकऱ्या फडक्यात बांधून पहाटेच्या गाडीनं गेले. तुमच्यातले बहुतेक जण तेव्हा जन्मलेही नव्हते, म्हणून थोडं सांगते. त्या वर्षी १२ जूनला अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी पंतप्रधान इंदिरा गांधींची रायबरेलीतली निवडणूक रद्द ठरवली होती. २५ जूनच्या रात्री राष्ट्रपती फख्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाला ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. दिल्लीतल्या वर्तमानपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडली गेली, सेन्सॉर बसला, विरोधी नेते रातोरात तुरुंगात गेले. पुढं आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगानं मोजलं तेव्हा त्या एकवीस महिन्यांत विनाचौकशी किंवा भारत संरक्षण नियमांखाली डांबलेल्यांचा आकडा १ लाख १० हजारांवर गेला.

पण नुसतं एवढं सांगितलं तर मुलांची समजूत चुकीची होते. त्यांना वाटतं, एके दिवशी कुणी दुष्ट बाई आली आणि तिनं देश बंद केला. तसं झालं नव्हतं. इंदिराबाई लोकांना मनापासून आवडत होत्या. १९७१ च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला लोकसभेत साडेतीनशेवर जागा लोकांनीच दिल्या होत्या. त्याच वर्षी बांगलादेशच्या युद्धात त्यांनी जे धैर्य दाखवलं त्याचा अभिमान आमच्याही घरात होता. त्यांचं कॅलेंडर आमच्या ओसरीवर टांगलेलं होतं. आणीबाणीच्या सुरुवातीला गावातल्या शहाण्यासुरत्या माणसांनीही समाधानाचा सुस्कारा टाकला होता. गाड्या वेळेवर धावतात, कचेरीतला कारकून जागेवर सापडतो, दुकानदार भावाची पाटी लावतो. "शिस्त आली," असं लोक म्हणत. ते खोटं बोलत नव्हते. शिस्त आली होतीच. काँग्रेसचे अध्यक्ष देवकांत बरुआ यांनी तर इंदिरा म्हणजे इंडिया आणि इंडिया म्हणजे इंदिरा, असं जाहीर बोलून टाकलं होतं. ज्या नेत्यानं खरोखर काही करून दाखवलेलं असतं, त्याच्यापुढं नाही म्हणायला जीभ जास्त अडखळते. ढोंगी माणूस लवकर ओळखू येतो. कर्तबगार माणसाच्या बाबतीत आपण आपले प्रश्न आपणच गिळतो.

तर कराड. संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गाबाई भागवत. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे त्याच सरकारातले परराष्ट्रमंत्री आणि आमच्या भागाचं दैवत. सरकारविरोधी आंदोलनाचे नेते जयप्रकाश नारायण तुरुंगातून नुकतेच पॅरोलवर सुटले होते, मुंबईत जसलोक रुग्णालयात आजारी होते. त्या व्यासपीठावरून दुर्गाबाईंनी लेखनस्वातंत्र्याविषयी जे बोलायचं ते बोललंच, आणि जमलेल्या लोकांना जयप्रकाशजींच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगितलं. वडील नंतर अनेकदा सांगायचे, "मी आधी डावीकडं बघितलं, मग उजवीकडं बघितलं. दोन्हीकडची माणसं उठत होती. मग मीही उठलो. पण उठलो हां." हे सांगताना त्यांच्या आवाजात एक अभिमान असे. दुर्गाबाईंना पुढच्या वर्षी अटक झाली.

त्याच पुढच्या वर्षीची दुसरी गोष्ट वडील कधी सांगत नसत. ती मला आईकडून कळली, तीही ते गेल्यानंतर.

१९७६ साली कुटुंबनियोजनाचं रूपांतर उद्दिष्टांत झालं. राज्याराज्यांत सरकारी नोकरांना, आणि त्यातही शिक्षकांना, नसबंदीच्या 'केसेस' आणायला लावलं गेलं. आकडा भरला नाही तर पगार अडत. शहा आयोगाच्या अहवालात याची नोंद आहे. १९७६–७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. शिक्षकच का, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. गावात घरोघरी जाऊ शकणारा, ज्याच्या शब्दावर माणूस विश्वास ठेवतो असा सरकारचा नोकर एकच असतो.

वडिलांना मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलावलं गेलं. दोन केसेस. तोंडी. कागद नाही, सही नाही. समोर खुर्चीत मुख्याध्यापक आणि वरून आलेला एक माणूस. वडिलांच्या डावीकडं कुणी नव्हतं, उजवीकडं कुणी नव्हतं. बाकीचे सहकारी आधीच आत जाऊन हो म्हणून आले होते, असं त्यांना सांगितलं गेलं. ते खरं होतं की नाही हे त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही. विचारायची लाज वाटली असणार. ते हो म्हणून बाहेर आले.

एक केस सहज मिळाली, वय झालेला माणूस होता. दुसरा वस्तीवरचा शेतमजूर, तिशीचा. दोन मुली आणि एक लहान मुलगा. त्याला काय होणार ते नीट कळलंही नव्हतं. तो म्हणाला, "गुरुजी सांगतात म्हंजी बरंच आसंल." त्याच हिवाळ्यात त्याचा मुलगा तापानं गेला.

वडिलांनी त्यानंतर त्या वस्तीवरून जायचं सोडलं. शाळेत जायचा रस्ता तिथूनच होता. ते बांधाबांधानं लांबचा वळसा घालून जात. मला लहानपणी वाटायचं, त्यांना चालायची आवड आहे.

मी या दोन गोष्टी शेजारी ठेवून पुष्कळ विचार केला आहे. कराडच्या मंडपात उठून उभा राहिलेला माणूस आणि त्या खोलीतून मान डोलवून बाहेर आलेला माणूस एकच होता. मधल्या काळात तो भित्रा झाला नव्हता. मंडपात त्याच्या शेजारी माणसं होती, खोलीत तो एकटा होता. आज वाटतं, शाळेतल्या पाच-सहा शिक्षकांपैकी एक जण जरी आदल्या दिवशी म्हणाला असता, "मी नाही आणणार, बघू काय होतं," तर वडील दुसरे झाले असते. तो पहिला त्यांना मिळाला नाही. आणि ते स्वतः पहिले झाले नाहीत, हे त्यांनी स्वतःला माफ केलं नाही.

बाबासाहेबांनी घटना समितीत २५ नोव्हेंबर १९४९ ला जे भाषण केलं ते आपण नववी-दहावीच्या मुलांसमोर एकदा तरी पूर्ण वाचावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सहसा त्यातली दोन वाक्यं उचलून भित्तिपत्रकावर लावली जातात आणि काम झालं असं आपण समजतो. त्यात ते जॉन स्टुअर्ट मिलचा इशारा सांगतात : माणूस कितीही थोर असो, आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायांशी वाहू नका, संस्था मोडता येतील एवढी सत्ता त्याच्या हाती देऊ नका. थोरांविषयी कृतज्ञ राहायला त्यांची हरकत नाही, पण कृतज्ञतेला मर्यादा असते, हे ते बजावतात. आणि मग म्हणतात की धर्मातली भक्ती आत्म्याला मोक्षाकडं नेत असेल, राजकारणातली भक्ती मात्र अधःपतनाकडं आणि शेवटी हुकूमशाहीकडं नेते. इतर देशांपेक्षा भारताच्या राजकारणात या भक्तीचा वाटा मोठा आहे, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्याआधी जवळजवळ सात वर्षं, जानेवारी १९४३ मध्ये, पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या जयंतीला बोलतानाही त्यांनी विभूतिपूजेवर टीका केली होती. ज्या माणसावर लाखो लोक जीव ओवाळून टाकत होते, तो माणूस हे सांगत होता. मुलांना हे एवढं जरी नीट समजलं तरी खूप झालं.

मॅक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञानं 'करिश्मा' या शब्दाला आज आपण वापरतो तो अर्थ दिला. त्याचं म्हणणं असं की हे तेज नेत्याच्या अंगात किती आहे यापेक्षा लोक ते मानतात की नाही, यावर त्याची सत्ता उभी असते. मला हे धीर देणारं वाटतं. मानणारे आपण असू, तर थांबणारेही आपण असू शकतो.

वेबरच्याच देशात पुढं काय झालं ते आपण शिकवतो, पण शिक्षकांचं काय झालं ते शिकवत नाही. हिटलर १९३३ च्या जानेवारीत सत्तेवर आला. त्याच वर्षी सरकारी नोकरांना नाझी सलाम बंधनकारक झाला आणि शाळेत तास सुरू होताना शिक्षकानं मुलांसमोर उजवा हात वर करायचा, असा नियम आला. हात आधी शिक्षकाचा वर जायचा, मग मुलांचे. तीन-चार वर्षांत तिथले शंभरातले पंचाण्णवहून अधिक शिक्षक नाझी शिक्षक संघाचे सभासद झाले होते. त्यातले सगळे मनानं नाझी होते असं मला वाटत नाही. नोकरी होती, घर होतं, पेन्शन होती, शेजारच्या वर्गातल्या सरांनी अर्ज भरला होता. मुसोलिनीच्या इटलीत १९३१ साली विद्यापीठांतल्या प्राध्यापकांकडून राजवटीशी निष्ठेची शपथ घेतली गेली. बाराशेच्या आसपास प्राध्यापक होते, नकार देणारे वीसही निघाले नाहीत. त्यांतले एक गणितज्ञ व्हितो व्होल्तेरा. सत्तरीतल्या त्या माणसानं रोमच्या विद्यापीठातली आपली जागा सोडली, सही केली नाही.

आपल्याकडं अशी शपथ नाही, आणि तशी वेळ येणारच असं भाकीतही मी करत नाही. पण सवय तीच आहे, आणि ती आपल्या मातीत जुनी आहे. गावकी आणि भावकी काय म्हणेल, या धाकावर आपल्याकडं लग्नं ठरतात आणि मोडतात. जातपंचायतींनी माणसांना वाळीत टाकण्याचे प्रकार एवढे झाले की महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. वाळीत पडलेल्या कुटुंबाशी बोलायचं नाही, त्याला पाणी भरू द्यायचं नाही, हा ठराव पंचांनी केला तरी तो पाळतात शेजारीच. हेच शेजारी उद्या साहेबांच्या सभेला जातात. ज्या माणसाला घरच्या ओट्यावर 'मला पटत नाही' म्हणायची सवय नाही, त्याला ती सभेच्या मैदानात कुठून येणार?

आणि आता माझ्या स्वतःच्या चुकीबद्दल. एका वर्षी एक मोठे नेते तालुक्याला येणार होते. शाळांना निरोप आला. आम्ही पाचवी ते आठवीची मुलं झेंड्या आणि फुलांच्या पाकळ्या देऊन रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी केली. सकाळी नऊची वेळ दिली होती, गाड्यांचा ताफा साडेबाराला आला. मार्च महिना. सहावीतली एक मुलगी भोवळ येऊन पडली. मी तिला सावलीत नेलं, पाणी पाजलं, आणि पुन्हा येऊन रांग सरळ करायला लागले. गाड्या काचा वर करून गेल्या. पाकळ्या टायरखाली गेल्या. एका मुलानं विचारलं, "बाई, त्यांनी काय केलंय?" मी म्हटलं, "आधी ओरडायचं थांबव आणि रांगेत उभा राहा." इतक्या वर्षांत मुलांनी मला विचारलेल्या प्रश्नांपैकी सगळ्यांत रास्त प्रश्न तो होता, आणि त्याला मी असं उत्तर दिलं. त्या दिवशी मुलांना मी जे शिकवलं ते पुढच्या तासाच्या नागरिकशास्त्रानं पुसलं गेलं नसणार.

तुमच्यावरचं दडपण मला माहीत आहे. बदली कुणाच्या हातात असते, संस्थेचं अनुदान कुणाच्या शब्दावर हलतं, साहेबांच्या वाढदिवसाला शाळेत वह्या वाटायला कार्यकर्ते आले तर फोटोत उभं राहावंच लागतं, हे सगळं मी पाहिलं आहे. म्हणून मी तुम्हाला कुणाविरुद्ध भाषणं करा असं सांगत नाही. तुमचे वर्तणुकीचे नियम ते करू देत नाहीत, आणि वर्ग ही पक्षप्रचाराची जागा नव्हेच. पण एक गोष्ट आपण नीट पाहावी. शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटावर कुणा नेत्याचं गुणगान आलं की त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागते. तेव्हा कुणी म्हणत नाही, 'इथं राजकारण नको.' त्याच नेत्याच्या एखाद्या निर्णयाबद्दल कुणी साधा प्रश्न टाकला की लगेच सूचना येते, 'सर, इथं राजकारण नको.' स्तुती म्हणजे सभ्यता आणि प्रश्न म्हणजे राजकारण, असं कधी आणि कुणी ठरवलं? हे कुठल्या एका पक्षाचं नाही. प्रत्येक पक्षाचे आपापले साहेब, दादा, ताई आणि भाऊ आहेत, आणि प्रत्येकाच्या फ्लेक्सखाली आपल्या ओळखीच्या मुलांचे पासपोर्ट फोटो आहेत.

आणीबाणी उठल्यावर देशानं कायदा दुरुस्त केला, तो चांगला केला. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं 'अंतर्गत अशांतता' हे कारण काढून त्या जागी 'सशस्त्र बंड' घातलं, मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी असावा असं ठरवलं, आणि जीविताचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही अशी तरतूद केली. त्या शेवटच्या तरतुदीला कारण होतं. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी म्हटलं होतं की आणीबाणीत बेकायदा डांबलेल्या माणसालाही न्यायालयाचं दार वाजवता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना नाही म्हणाले. सरन्यायाधीशपदाची पाळी त्यांची होती. ती डावलली गेली आणि त्यांनी राजीनामा दिला. त्या चौघांत आपल्या मराठी मुलखाचे न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते. एक्केचाळीस वर्षांनी, २०१७ साली, सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल चुकीचा ठरवला. तसं लिहिणाऱ्यांत त्यांचेच चिरंजीव न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड होते. एवढ्या मोठ्या खुर्चीवर, एवढ्या विद्वान माणसांतही प्रमाण चारास एक असंच पडलं. पण त्या एकानं आपलं मत लिहून ठेवलं होतं, म्हणून पुढच्यांना बोट ठेवायला जागा मिळाली.

आणीबाणीच्या दिवसांत सरकारनं एक शब्द भिंतींवर रंगवला होता : 'अनुशासन पर्व'. तो विनोबांचा शब्द. ते तेव्हा पवनारला मौनात होते, त्यांनी तो लिहून दिला आणि सरकारनं उचलला. विनोबांनी तसं लिहायला नको होतं असं मला आजही वाटतं. पण पुढं त्यांनी जो खुलासा केला तो आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. ते म्हणाले, सत्तेचं असतं ते शासन. अनुशासन असतं ते आचार्यांचं. निर्भय, निःपक्ष, कुणाचा द्वेष न करणाऱ्या आचार्यांचं. त्या वेळी ही फोड फार कुणाच्या कानावर गेली नाही. आचार्य म्हणजे कुणी दूरचे ऋषी नव्हेत. आचार्य म्हणजे तुम्ही आणि मी. पगारपत्रकावर अंगठ्याएवढी सही करणारे, एसटीनं येणारे-जाणारे.

आता वडिलांची शेवटची गोष्ट. मार्च १९७७. निवडणुका लागल्या. वडिलांची ड्यूटी शेजारच्या गावातल्या केंद्रावर, काम बोटाला शाई लावण्याचं. त्या वस्तीचं मतदान तिथंच होतं. दुपारी रांगेतून तो माणूस पुढं आला. वडिलांना काय करावं सुचेना. त्यानं डावा हात टेबलावर ठेवला. "गुरुजी, लावा," म्हणाला. वडील आईला म्हणाले होते, "माझा हात कापत होता, त्याचा नाही." तो मतपत्रिका घेऊन पडद्याआड गेला, शिक्का मारून आला, घडी पेटीत टाकली आणि निघून गेला. त्यानं कुणाला मत दिलं हे वडिलांना कळलं नाही आणि कळायचं कारणही नव्हतं. आमच्या साताऱ्यातून यशवंतरावच निवडून आले. तिकडं रायबरेलीत इंदिराबाई राजनारायण यांच्याकडून हरल्या. एकवीस महिने ज्या उत्तर भारतानं तोंड उघडलं नव्हतं, त्यानं पडद्याआड आपलं मत लिहून दिलं. इंदिराबाईंनी निकाल मानला आणि पायउतार झाल्या, हेही मुलांना सांगा. आणि तीन वर्षांच्या आत लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं, हेही सांगा. काहीही लपवू नका, त्यांना गुंतागुंत झेपते.

म्हणून यंदा मॉनिटर निवडताना चिठ्ठ्या करा. खर्च काही नाही, जुन्या वह्यांची कोरी पानं चालतात. चौकोन सारखे फाडा, सगळ्यांना एकाच रंगाची पेन्सिल द्या, म्हणजे कुणाची चिठ्ठी कुठली ते ओळखू येत नाही. एक तास जाईल. पोर्शनची काळजी करू नका, हाच पोर्शन आहे. मतं मोजायला त्या मुलाला किंवा मुलीला बसवा, जिचं नाव कुणीच सुचवलं नव्हतं. आणि निकाल लागल्यावर वर्गाला विचारा, निवडून आलेल्या मॉनिटरनं चूक केली तर ती सांगायची कुणी आणि कशी. पहिल्यांदा कुणीच बोलणार नाही. थोडं थांबा. खिडकीबाहेर बघत बसा, हजेरी भरा, पण उत्तर तुम्ही देऊ नका.

तुमची,
सातारा जिल्ह्यातली एक निवृत्त शिक्षिका